हौसिंगला तेल घाला, अंगारा नको

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. विषय तेलकट आहे, तेव्हा नाक मुरडणाऱ्यांनी आत्ताच रजा घ्यावी.

माझं म्हणणं थोडक्यात सांगून टाकतो. गाडीच्या मागच्या डिफरन्शिअलमध्ये गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं तेल घालावं, लिहिलेल्या मापाने घालावं, लिहिलेल्या वेळी बदलावं आणि त्यात वरून कसलीही बाटली ओतू नये. संपलं! एवढं लोकांना पुरलं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता, आणि स्पेअर पार्टच्या दुकानांतली एक अख्खी फळी रिकामी झाली असती.

कुणी म्हणेल, सर, तुम्ही जन्मभर मराठी शिकवलंत, तुमचा आणि गिअर ऑईलचा संबंध काय? संबंध आहे. डब्यावरचं लेबल हा एक मजकूर असतो आणि मजकूर नीट वाचायला शिकवणं हीच माझी नोकरी होती. लग्नपत्रिकेतल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढणारी माणसं दहा-बारा लाखांच्या गाडीत काय ओततोय त्याच्या डब्यावरच्या दोन ओळी वाचत नाहीत, हे बघून माझ्यातला मास्तर जागा होतो. त्याला काय करणार?

आधी हे यंत्र करतं काय ते बघू. जीपसारख्या गाडीत इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. गाडीखाली वाकून पाहिलं तर मागच्या दोन चाकांच्या मधोमध भोपळ्यासारखा एक लोखंडी फुगवटा दिसतो. गॅरेजच्या भाषेत हौसिंग. पुढून येणारा शाफ्ट त्यात शिरतो. त्याच्या टोकाला पिनियन हे छोटं चाक, आणि ते फिरवतं क्राऊन हे मोठं चाक. इथे फिरकी काटकोनात वळते, वेग कमी होतो आणि जोर वाढतो. तिसरं काम सगळ्यात गोड. शाळेची प्रभातफेरी कोपऱ्यावर वळते तेव्हा आतल्या कडेची मुलं जागच्या जागी पाय वाजवतात आणि बाहेरच्या कडेच्यांना जवळजवळ धावावं लागतं, आठवतंय? वळणावर चाकांचंही तसंच. आतल्या आणि बाहेरच्या चाकाला वेगवेगळ्या वेगाने फिरू देणं, हे डिफरन्शिअलचं काम.

आता तेलाचा प्रश्न नेमका कुठे येतो? पूर्वी पिनियनचा अक्ष क्राऊनच्या मध्याकडे सरळ रोखलेला असे. १९२० च्या दशकात अमेरिकेत पिनियन मध्यापासून खाली सरकवायची युक्ती निघाली. तिला हायपॉइड म्हणतात. पॅकार्ड कंपनीने १९२६ साली ती मोटारीत आणली. फायदे मोठे होते. शाफ्ट खाली गेला, त्यामुळे गाडीची बैठक खाली आली, दात मजबूत झाले, आवाज कमी झाला. पण फुकट काही मिळत नाही. या रचनेत दातावर दात नुसता टेकून जात नाही, घासत सरकतो. सहाणेवर सुरी घासावी तसा. एवढ्या दाबाखाली साधं तेल दोन दातांमधून पिळून बाहेर पडतं आणि लोखंडाला लोखंड भिडतं. म्हणून या तेलात गंधक आणि फॉस्फरसची संयुगं घालतात. जिथे दात तापतो तिथे ती लोखंडाशी संयोग पावून एक पातळ थर तयार करतात. घासला जातो तो थर, दात वाचतो. गिअर ऑईलला जो उग्र वास येतो तो या गंधकाचा.

आता हे नीट लक्षात घ्या. औषध तेलात आधीच घातलेलं आहे. विज्ञानाच्या माणसांनी मोजून घातलेलं आहे. माझं भांडण इथून सुरू होतं.

पण त्याआधी डब्यावरच्या दोन ओळी वाचू.

पहिली ओळ, एपीआय जीएल-४ किंवा जीएल-५. आपल्या लोकांना हे इयत्ता चौथी आणि इयत्ता पाचवी वाटतं! पाचवी वरची म्हणून सगळीकडे पाचवीचं तेल घाला. तसं नाही हो. या इयत्ता नाहीत, हे दोन वेगळे विषय आहेत. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची मात्रा जीएल-४ च्या साधारण दुप्पट असते, कारण ते हायपॉइड दातांसाठी आहे. हेच तेल जीएल-४ मागणाऱ्या गिअरबॉक्समध्ये घातलं तर तिथल्या पितळी जातीच्या रिंगांना ते बाधू शकतं. उलट गिअरबॉक्समधून उरलेलं जीएल-४ तेल 'वाया कशाला घालवायचं' म्हणून हायपॉइड हौसिंगमध्ये ओतलं, तर दातांना मिळायला हवं तेवढं संरक्षण मिळत नाही. काटकसर चांगली, पण क्राऊन-पिनियनच्या जिवावर नको.

दुसरी ओळ, ८०डब्ल्यू-९० किंवा ८५डब्ल्यू-१४० असले आकडे. आपल्याकडे 'नव्वद नंबर द्या' म्हटलं की दुकानदाराला कळतं, ते हेच. हा घट्टपणाचा आकडा. नव्वद ऐकून लोकांना वाटतं इंजिनच्या चाळीस नंबर तेलाच्या दुपटीहून घट्ट असणार. मुळीच नाही. इंजिन ऑईलची फूटपट्टी वेगळी, गिअर ऑईलची वेगळी. गिअरचं ९० हे इंजिनच्या ४० ते ५० च्या आसपासच भरतं. आणि 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, हिवाळा. थंडीत तेल किती घट्ट होतं त्याची तपासणी ७५डब्ल्यू साठी उणे ४० अंशांना होते, ८०डब्ल्यू साठी उणे २६ ला आणि ८५डब्ल्यू साठी उणे १२ ला. मिनेसोटात राहणाऱ्या आमच्या भाच्याला या आकड्याची खरी गरज. त्याच्याकडे हिवाळ्यात उणे तीस होतं. आपण साताऱ्या-नागपूरकडची माणसं, आपल्याला पुढच्या आकड्याची काळजी जास्त. पण म्हणून 'उन्हाळा कडक आहे, एकशेचाळीस घाल' असा निर्णय आपणच घ्यायचा नाही. घट्ट तेल फिरवायला इंजिनाची ताकद जाते आणि ते बेअरिंगपर्यंत उशिरा पोचतं. पुस्तिकेत आपल्या हवामानासाठी, आपल्या ओझ्यासाठी काय लिहिलंय ते बघा. ज्यांनी गाडी बनवली त्यांना नागपूरचा उन्हाळा ठाऊक असतो.

आता बाटलीकडे वळू.

मी शिक्षक, तेव्हा परीक्षेच्या भाषेत बोलतो. जीएल-५ हे नाव लावण्यासाठी तेलाला ठरलेले पेपर द्यावे लागतात. एल-३७ नावाच्या चाचणीत कमी वेगात प्रचंड ओझं, एल-४२ मध्ये जास्त वेगात अचानक हिसके, एल-३३ मध्ये पाणी शिरल्यावर गंज धरतो का याची तपासणी. कागदावरचे हिशेब नव्हेत, खऱ्याखुऱ्या ॲक्सलमध्ये तेल घालून, नंतर उघडून दात बघतात. म्हणजे तेलातलं मूळ तेल आणि त्यातली औषधं यांचं ते विशिष्ट मिश्रण पास झालेलं असतं. तुम्ही त्यात दहा टक्के बाहेरची बाटली ओतलीत की ते पास झालेलं तेल राहिलंच नाही! उत्तरपत्रिका जमा केल्यावर दुसऱ्याच कुणीतरी त्यात पानं घुसडावीत तसं. ती पानं बरोबर असतील किंवा चूक, पण निकाल आता त्या उत्तरपत्रिकेचा उरला नाही. शिवाय तेलातली औषधं काम करतात ती धातूच्या पृष्ठभागावर. जागा तेवढीच, त्यावर नवा पाहुणा बसला की जुन्याला सरकावं लागतं. बाटलीवाल्याला तुमच्या तेलात कोण बसलंय हे माहीत नसतं. तो सगळ्या तेलांसाठी एकच बाटली विकतो.

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. परीक्षा घेतली कुणी? इंजिन ऑईलच्या डब्यावर एपीआयचं गोल चिन्ह असतं, त्यामागे परवाना असतो. गिअर ऑईलसाठी तसा परवाना नाही. जीएल-५ हे तेल बनवणाऱ्याने स्वतः दिलेलं वचन असतं. बरोबर! म्हणूनच गाडीच्या कंपनीने नाव घेऊन मान्य केलेलं तेल घ्या, किंवा ज्यावर एसएई जे२३६० ची मान्यता आहे असं घ्या. त्या मान्यतेसाठी बाहेरच्या परीक्षकांपुढे जावं लागतं. पण तेलाच्या परीक्षेत ही फट आहे म्हणून मुळात कुठल्याच परीक्षेला न बसलेली बाटली ओतायची, हा कुठला न्याय?

बाटल्यांत असतं तरी काय? एका जातीत मॉलिब्डेनमची काळी भुकटी, एकात टेफ्लॉनच्या जातीचे कण, आणि एकात नुसता चिकट घट्टपणा. या तिसऱ्या जातीचं प्रात्यक्षिक काही दुकानांच्या काउंटरवर ठेवलेलं असतं. प्लॅस्टिकची दोन-चार दातेरी चाकं, बाजूला दांडा. फिरवला की साधं तेल खालीच राहतं आणि त्यांचं तेल तारा सुटत वरच्या चाकापर्यंत चढतं. गिऱ्हाईक खूश! अहो, पण तुमच्या हौसिंगमध्ये क्राऊन स्वतःच तेलात बुडालेला असतो आणि फिरताना तेल सगळीकडे उडवतो. तेल चढत नाही अशी तक्रार तिथे नव्हतीच. प्रश्न होता दाबाखाली दात वाचण्याचा. त्याचं उत्तर प्लॅस्टिकच्या चाकांवर, हाताने दांडा फिरवून मिळत नसतं.

हा घट्टपणा एकच काम नक्की करतो. आवाज दाबतो. रोआल्ड डालचं 'मटिल्डा' (१९८८) नातवंडांनी वाचलं असेल. त्यातला मटिल्डाचा बाप जुन्या गाड्या विकतो आणि खडखडणाऱ्या गिअरबॉक्समध्ये लाकडाचा भुसा भरतो. गाडी विकली जाईपर्यंत गप्प राहते! पोरंसुद्धा त्या बापाला लबाड म्हणतात. आपण मात्र तेच काम रंगीत बाटलीतून करून घेतो आणि वर पैसे देतो. घोंघावणारं हौसिंग तुम्हाला काहीतरी सांगत असतं. तेल कमी आहे, बेअरिंग गेलं आहे, दातांची बैठक बिघडली आहे. बाटली ते बरं करत नाही, त्याचं तोंड दाबते.

अमेरिकेतला दाखला बघा. 'स्लिक ५०' नावाचं इंजिनात घालायचं ॲडिटिव्ह एकेकाळी तिकडे फार गाजलं. १९९६ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने त्याच्या जाहिरातींविरुद्ध तक्रार मांडली, आणि १९९७ साली झालेल्या तडजोडीत पुराव्याशिवाय असे दावे करायचे नाहीत हे कंपनीला मान्य करावं लागलं. ते इंजिनाचं होतं, हौसिंगचं नव्हे, हे खरं. पण बोलण्याची तऱ्हा तीच. 'तुमचं तेल पुरेसं नाही' ही भीती आधी विकायची, मग बाटली.

आता अपवाद. मास्तराने अपवाद सांगितला नाही तर नियम खोटा वाटतो. काही गाड्यांत लिमिटेड-स्लिप डिफरन्शिअल असतं. एक चाक चिखलात नुसतं गरगरू लागलं तर दुसऱ्यालाही जोर मिळावा म्हणून त्याच्या एका प्रकारात क्लचसारख्या चकत्या बसवतात. वळताना या चकत्या अडखळत सरकल्या की गाडी मागून थरथरते, कुरकुरते. त्या सुळकन सरकाव्यात म्हणून तेलात फ्रिक्शन मॉडिफायर लागतो. पूर्वी अमेरिकेत यासाठी स्पर्म व्हेल माशाचं तेल वापरत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे त्यावर बंदी आली आणि रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधावे लागले. तर या गाड्यांना ॲडिटिव्ह खरंच लागतं. पण ते पुस्तिकेत लिहिलेलं असतं, मापासकट. आणि बऱ्याच 'एलएस' लिहिलेल्या तेलांत ते आधीच मिसळलेलं असतं. त्यावर आणखी ओतलं तर चकत्या इतक्या निसरड्या होतात की ज्यासाठी जास्त पैसे मोजले तो गुणच जातो. साध्या डिफरन्शिअलमध्ये तर चकत्याच नसतात. तिथे हे ओतणं म्हणजे टकलाला कंगवा.

त्याहून मोठी गंमत म्हणजे ज्या गाडीला मागचं डिफरन्शिअलच नाही तिच्या मालकालाही 'रिअर डिफरन्शिअल ट्रीटमेंट' हवी असते! १९८३ साली मारुती ८०० आली तेव्हापासून आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांवर चालतात. त्यांचं डिफरन्शिअल गिअरबॉक्सच्याच पोटात असतं, तेल सहसा सामाईक. मागे असतं ते बोलेरो, स्कॉर्पिओ, थार, फॉर्च्युनर, ईको यांसारख्यांना. जुन्यांत ॲम्बेसिडर, पद्मिनी, सुमो, ओम्नी. इनोव्हाचंच बघा, क्रिस्टाला मागे आहे आणि हायक्रॉस पुढच्या चाकांवर चालते. नाव एक, पोट वेगळं. आधी खाली वाकून भोपळा आहे का ते तरी बघा!

हे सगळं मला एवढं का लागतं, तेही सांगतो. माझा एक जुना विद्यार्थी आमच्याकडे वडापची जीप चालवतो. त्याचं पोट त्या जीपवर. हौसिंग आवाज करू लागलं म्हणून एका गॅरेजात गेला (नाव नको). तिथे तपासलं काहीच नाही, बाटली ओतली. महिन्याने परत आवाज, परत बाटली. मला रस्त्यात भेटला तेव्हा म्हणाला, "सर, दोन बाटल्या घातल्या की हो, तरीबी घोंघावतंयच. आन् आता ब्रेकबी नीट लागंना." ब्रेक शब्द ऐकून मी त्याला आमच्या बाजारपेठेतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेलं. त्यांनी पहिल्यांदा हौसिंगवरचा ब्रीदर बघितला. आतली तापलेली हवा बाहेर सोडणारं बोंडाएवढं टोपण ते, चिखलाने गच्च बुजलेलं. हवेला वाट नाही म्हणून दाबाने तेल सील फोडून चाकाकडे गेलं होतं आणि मागच्या ब्रेकचे लायनर तेलाने न्हाले होते. हौसिंगमध्ये तेल अर्ध्यावर. दोन्ही महागड्या बाटल्या ब्रेकला पाजून झाल्या होत्या! मागे दहा-बारा माणसं बसवून ती जीप रोज घाट उतरत होती.

सांगा आता, हा नुसत्या पाच-सहाशे रुपयांचा प्रश्न आहे का?

पण मी फक्त गॅरेजवाल्यांना शिव्या घालणार नाही. दोष गिऱ्हाइकाचाही आहे. त्या मिस्त्रींनी ब्रीदर साफ केला, सील बदलली, लायनर बदलले, तेल भरलं आणि मजुरी सांगितली. माझा विद्यार्थी लगेच, "मिस्त्री, काय कमी करा की!" बाटलीच्या छापील किमतीवर यानेच एक अक्षर काढलं नव्हतं. ही आपली रीत. माणसाच्या हातांची, नजरेची, चाळीस वर्षांच्या अनुभवाची किंमत करायची वेळ आली की घासाघीस, आणि सीलबंद बाटली दिसली की मुकाट्याने पाकीट बाहेर. मग गॅरेजवाला शहाणा होतो. त्याला कळतं की तपासायला अर्धा तास घालवला तर पैसे मिळत नाहीत, बाटली ओतली की मिळतात. आपणच त्याला तपासणी सोडून ओतायला शिकवलंय. अंगारा देणाऱ्या भगताकडे गर्दी आणि डॉक्टरने तपासायचे पैसे घेतले तर बोंब, तशातली गत.

तेव्हा मजुरी द्या आणि त्या बदल्यात काम मागा. कोणतं काम? गाडी सपाट जागी उभी करायची. आधी भरायचं बूच उघडायचं, मगच खालचं तेल सोडायचं. उलट केलं आणि वरचं बूच गंजून अडकलेलं निघालं, तर तेल जमिनीवर आणि गाडी जागेवर. निघालेलं तेल बोटांत घेऊन बघायचं. दुधट दिसलं तर पाणी शिरलंय, तेल बदलायलाच हवं. पुराच्या पाण्यातून गाडी काढली असेल तर किलोमीटर पुरे होण्याची वाट बघायची नाही. बुचाला चुंबक असेल तर त्यावर करडा बारीक चिखल दिसेल, त्याने घाबरू नका. तुकडे दिसले तर मात्र घाबरा. ब्रीदर मोकळा हवा. सील, चाकांच्या आतल्या बाजू कोरड्या हव्यात. नवं तेल साधारणपणे भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत, पुस्तिकेत वेगळं लिहिलं असेल तर तसं. 'थोडं जास्त असू दे' नको, जास्तीचं तेल फेसाळतं आणि सीलवर येतं. एवढं सगळं करायला बाटली लागत नाही, डोळे लागतात.

आमच्या नातलगांपैकी दोघांनी मला ऐकवलं, "काका, बाटलीने फायदा नसेल, पण तोटा तरी काय?" तोटा हा, की बाटली ओतली की माणूस निर्धास्त होतो. निर्धास्त झालेला माणूस खाली वाकून बघत नाही. खोटा इलाज खऱ्या इलाजाची वेळ खातो. माझ्या विद्यार्थ्याच्या जीपमध्ये दोन महिने तेच झालं.

असो. आता गृहपाठ! तुमच्या गाडीची पुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यात टोलच्या जुन्या पावत्यांखाली दबलेली असेल, ती बाहेर काढा. तेलांच्या तक्त्याचं पान शोधा. डिफरन्शिअलपुढे लिहिलेले शब्द आणि आकडे जसेच्या तसे एका चिठ्ठीवर उतरवून पाकिटात ठेवा. आणि कुणी काउंटरवरून रंगीत बाटली पुढे सरकवली की नम्रपणे एकच प्रश्न विचारा, "पुस्तिकेत हे कुठल्या पानावर आहे?"

पान सापडलं तर जरूर घाला. नाही सापडलं, तर तेच पैसे मिस्त्रीच्या मजुरीत वाढवून द्या.